खुलीं मानकें व दप्तराची किल्ली

जुनीं हस्तलिखितें व ऐतिहासिक कागद यांच्या छायाप्रती संगणकावर ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे आतां नवा राहिलेला नाहीं. केंद्र सरकारनें २००३ सालीं हस्तलिखितांसाठीं राष्ट्रीय मिशन सुरू केलें, तेव्हांपासून तर लहानमोठ्या संग्रहांतहि सूची, छायाप्रती व लिप्यंतरें यांचे ढीग वाढत चालले आहेत. ढीग वाढला म्हणजे तो लावून ठेवण्याची व्यवस्था लागते. आणि अशी व्यवस्था लावून देणाऱ्या संगणक-प्रणाली विकणारे व फुकट देणारे, दोन्ही प्रकारचे लोक संस्थांच्या दाराशीं येतात. त्या प्रत्येकाच्या माहितीपत्रकांत हल्लीं एक वाक्य ठरलेलें असतें : आमची प्रणाली खुल्या मानकांशीं सुसंगत आहे. ह्या वाक्याची खरी किंमत किती, तें कोणत्या कसोटीवर घासून पाहावें, आणि जुन्या कागदांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनीं प्रणाली निवडतांना काय पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोणा एका प्रणालीची शिफारस करण्याचा आमचा हेतु नाहीं.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. मानक म्हणजे ठरलेलें माप. तें खुलें केव्हां म्हणावें? ज्याचे नियम छापून प्रसिद्ध आहेत, ज्याप्रमाणें साधन बनविण्यास कोणाची परवानगी किंवा मोबदला लागत नाहीं, आणि ज्यांत कोणा एका कंपनीस आपल्या मर्जीनें फेरफार करतां येत नाहीं, तें मानक खुलें. भारत सरकारनें नोव्हेंबर २०१० मध्यें ई-प्रशासनासाठीं खुल्या मानकांचें धोरण जाहीर केलें, त्याचाहि गाभा हाच आहे. अर्थात् ‘खुलें’ हें विशेषण येथें मापाचें आहे, मालाचें नव्हे. ह्या भेदाकडे पुढें पुन्हां यावें लागेल.

आमचें म्हणणें आरंभींच एका वाक्यांत सांगतों. प्रणालींत काय घालतां येतें हें पाहून ती निवडूं नये. तिच्यांतून काय, कोणत्या स्वरूपांत व कोणाच्या मर्जीनें बाहेर काढतां येतें, हें पाहून निवडावी.

ह्यास आपल्याच इतिहासांतील एक दाखला आहे. पुण्याचें पेशवे दप्तर इंग्रजी अमलांत नाहींसें झालें नव्हतें. तें रुमालांत बांधलेलें, छपराखालीं व पहाऱ्यांत होतें. तरीहि सामान्य संशोधकास तें बरींच वर्षें नसल्यासारखेंच होतें. कारण आंत जाण्याची परवानगी दुसऱ्याच्या हातीं होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं संपादिलेले निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून बाहेर पडूं लागले, तेव्हां कोठें त्या दप्तराचा लाभ अभ्यासकांस मोठ्या प्रमाणावर मिळूं लागला. दप्तर शाबूत असणें आणि दप्तर हातीं येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संगणकावरील दप्तराच्या बाबतींत तर पहिली गोष्ट दुसरीवांचून फारशी टिकतच नाहीं.

दुसरा दाखला मोडीचा. मोडी वाचणारे कमी झाले, ह्याबद्दल आपण सर्वच हळहळतों. घाईनें लिहिलेला, अर्धवट शब्दांचा मोडी कागद जाणत्यासहि घाम आणतो. परंतु मोडी अवघड आहे, गुप्त नाहीं. तिचीं अक्षरें कोणाच्या मालकीचीं नाहींत. ज्याला चिकाटी आहे त्यानें शिकावी व वाचावें. म्हणून शंभर वर्षें कोणीं न उघडलेला रुमालहि आज उघडला तर बोलूं लागतो. उलट ज्या प्रणालीचा साचा तिच्या कर्त्यानें झांकून ठेवला आहे, तींतील मजकूर ही अशी लिपि आहे कीं जिची बाराखडी एकाच माणसाच्या तिजोरींत असते. तो माणूस गेला कीं लिपीहि गेली.

ही भीति काल्पनिक नाहीं, हें आम्हीं स्वतः अनुभवलें आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका संग्रहाची सूची करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें होतें. दोन उन्हाळे त्यांत गेले. त्या काळच्या प्रघाताप्रमाणें सूची एका प्रणालींत, तिच्याच खास टंकांत भरली. ती प्रणाली चालण्यासाठीं संगणकाच्या पाठीमागें एक लहानसें कुलूप लावावें लागे; त्यास डाँगल म्हणत. पुढें संगणक बिघडला, नव्या संगणकास तें कुलूप बसेना, आणि ज्यानें प्रणाली विकली त्यानें तो धंदाच सोडला होता. सूचीची फाइल आमच्याजवळ अजून आहे. ती उघडली कीं रोमन अक्षरें, कंस व चिन्हें यांची खिचडी दिसते. मूळ पोथ्या मात्र पूर्वींसारख्याच वाचतां येतात. सूचीची एक छापील प्रत होती म्हणून ती अजीबात बुडाली नाहीं; तिच्यावरून सर्व नोंदी पुन्हां हातानें भराव्या लागल्या. परंतु छपाईनंतर केलेल्या दुरुस्त्या फक्त संगणकांत होत्या, त्या गेल्या. त्या घराण्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं हस्ताक्षरांवरून ओळखून सांगितलेलीं कांहीं पोथ्यांच्या लेखकांचीं नांवें त्यांत होतीं. ते गृहस्थ आतां हयात नाहींत. दोष विक्रेत्याइतकाच आमचा आहे. घेतांना आंत काय जातें तें आम्हीं पाहिलें. बाहेर काय येतें तें विचारलें नाहीं.

आतां कसोट्यांकडे वळूं. आमच्या मतें त्या चार आहेत : अक्षराची, साच्याची, नोंदीची व देवाणघेवाणीची. ‘सुसंगत’ म्हणविणारी प्रणाली बहुधा ह्यांपैकीं एखाद्या कसोटीस उतरलेली असते आणि चारहि उतरल्याचा आव आणते.

पहिली कसोटी अक्षराची. भारतीय लिपींसाठीं इस्की हें मानक भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवरूनच घेतली होती. म्हणजे ज्या काळांत आमच्यासारख्यांनीं आपलीं कामें खास टंकांत कोंडलीं, त्या काळीं मानक उपलब्ध होतें. तें मागण्याचें भान ग्राहकास नव्हतें, एवढेंच. मोडीस युनिकोडांत स्थान मिळालें तें जून २०१४ मध्यें, सातव्या आवृत्तींत. त्यामुळें आतां मोडी मजकूर मोडींतच, अक्षरशः, साठवितां येतो. बाळबोधीकरण करतांना ऱ्हस्वदीर्घाविषयीं जो निर्णय संपादकास घ्यावा लागतो, तो मूळाच्या माथीं मारण्याची गरज राहिली नाहीं.

परंतु ‘युनिकोड चालतो’ एवढ्यानें ही परीक्षा संपत नाहीं. मराठींत ‘आचार्यांस बोलाविलें’ आणि ‘आचाऱ्यांस बोलाविलें’ ह्यांत गुरु आणि स्वयंपाकी एवढें अंतर आहे. दुसऱ्या शब्दांतील आडवा रकार युनिकोडांत दोन रीतींनीं लिहिला जातो. एक, खालीं टिंब असलेल्या ऱ ह्या अक्षरास हलन्त जोडून. दुसरी, साध्या र ला हलन्त व त्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह देऊन. वाचणारास दोन्ही सारखेच दिसतात, संगणकास ते निराळे. जी प्रणाली ह्या दोन रीती एक मानत नाहीं, ती शोध घेतांना अर्ध्या नोंदी लपवील. आणि जी तें अदृश्य चिन्ह निरुपयोगी समजून गाळते, ती आचाऱ्यांस आचार्य करून ठेवील. तीच गोष्ट अनुस्वारांची. जुन्या छापील पुस्तकांत ‘नांव’ आहे, नव्यांत ‘नाव’. शोधणारास दोन्ही सांपडलीं पाहिजेत. पण साठवितांना मूळाचा अनुस्वार पुसला जातां कामा नये. शोधाची सोय आणि मूळाची शुद्धता ह्या दोहोंचा असा मेळ घालतां येतो कीं नाहीं, हें माहितीपत्रक सांगत नाहीं. आपलींच दहा अवघड वाक्यें घालून तें पाहावें लागतें.

दुसरी कसोटी साच्याची, म्हणजे फाइल कोणत्या स्वरूपांत राहते त्याची. छायाप्रतींसाठीं टिफ् हा साचा बहुतेक ग्रंथालयें वापरतात. त्याची सहावी आवृत्ति १९९२ सालची आहे व तिचे नियम प्रसिद्ध आहेत. म्हणून अनेक कर्त्यांचीं साधनें तो वाचूं शकतात. लिहिलेल्या मजकुरासाठीं ओडीएफ् हा साचा २००६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झाला. दीर्घकाळ टिकवावयाच्या कागदांसाठीं पीडीएफ्-ए हें मानक २००५ सालीं निघालें. त्यांत टंक फाइलीच्या आंतच असावे लागतात, बाहेरच्या कशावर अवलंबून राहतां येत नाहीं, आणि परवलीच्या शब्दाचें कुलूप घालण्यास मनाई आहे. हे गुण मोठे आहेत व ते मान्य केले पाहिजेत.

तथापि येथेंहि नांवावर विसंबूं नये. पीडीएफ्-ए ह्या मानकाच्या पायऱ्या आहेत. सर्वांत खालची पायरी एवढेंच वचन देते कीं पान आज जसें दिसतें तसेंच पुढेंहि दिसेल. त्या पानावरील अक्षरें मजकूर म्हणून काढतां येतील, असें वचन ती देत नाहीं. अक्षरांची युनिकोडाशीं सांगड घातलेली असावी एवढाच अधिक आग्रह धरणारी स्वतंत्र पायरी २०११ च्या दुसऱ्या भागांत आली. परिणाम असा होतो कीं, जुन्या खास टंकांत जुळविलेलें मराठी पुस्तक खालच्या पायरीवर बिनबोभाट उतरतें. तें दिसतें सुंदर, छापतां येतें, मानकाचा शिक्काहि त्यास मिळतो. पण त्यांत ‘शिवाजी’ हा शब्द शोधला तर एकदांहि सांपडत नाहीं. विक्रेता खोटें बोलला असें म्हणतां येत नाहीं, आणि आपलें काम मात्र झालेलें नसतें. म्हणून ‘मानक पाळतां काय?’ ह्या प्रश्नापुढें ‘त्याची कोणती पायरी?’ हा दुसरा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी कसोटी नोंदीची. आणि आपल्या विषयांत हीच सर्वांत कठीण आहे. छायाप्रत कितीहि स्पष्ट असली तरी ती कोणत्या रुमालांतील, कोणाच्या घरची, कोणत्या सालची, हें तिच्याबरोबर न राहिलें तर ती पोरकी. नोंदींचें जगभर चालणारें मानक डब्लिन कोअर ह्या नांवाचें आहे. डब्लिन म्हणजे आयर्लंडची राजधानी नव्हे, अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतील गांव. तेथें १९९५ सालीं भरलेल्या बैठकींतून तें निघालें, आणि त्याचे मूळ रकाने पंधरा आहेत : शीर्षक, कर्ता, विषय, तारीख इत्यादि. साधेपणा हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोष.

‘तारीख’ हाच रकाना घ्या. पत्रावर चंद्र आणि सुहूर सन असतो. पोथीच्या अंतीं शक व संवत्सर असतें. शिवकालानंतरच्या कागदांत राज्याभिषेक शकहि येतो. सुहूर सनांत वेळेनुसार ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, शालिवाहन शकांत ७८ किंवा ७९. महिना लागला नाहीं तर कोणता आंकडा मिळवावयाचा हें ठरत नाहीं, आणि इसवी सन हें अनुमान राहतें. आतां ज्या प्रणालींत तारखेचा एकच रकाना आहे व तो इसवी सनच स्वीकारतो, तींत नोंद करणारा मुकाट्यानें आपलें अनुमान भरतो. मूळ मिति कोठेंच राहत नाहीं. पुढचा संशोधक त्या अनुमानास पुरावा समजतो. साधनें अस्सल बरहुकूम छापावीं व निष्कर्ष त्यांपासून वेगळे ठेवावे, ही शिस्त राजवाड्यांच्या पिढीनें आपणांस लावली. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड १८९८ सालचा आहे. सव्वाशें वर्षांनीं ती शिस्त एका अरुंद रकान्यामुळें मोडावी, ही शरमेची गोष्ट होईल.

ह्यावर उपाय आहे. ग्रंथपाठ संगणकावर उतरविण्याचे नियम टीईआय् ह्या नांवानें १९८७ पासून घडत आले. २००७ च्या त्यांच्या पांचव्या आवृत्तींत हस्तलिखितांच्या वर्णनासाठीं स्वतंत्र प्रकरण आहे. पत्रांची संख्या, लेखनसाहित्य, हात, पुष्पिका, पूर्वींचे मालक यांस त्यांत जागा आहे. मूळ मिति आणि तिचें रूपांतर हीं शेजारीं शेजारीं ठेवतां येतात. तें शिकण्यास कष्ट पडतात, हें खरें. म्हणून आमचा सल्ला असा कीं, लहान संस्थेनें वरवरच्या नोंदीसाठीं डब्लिन कोअर वापरावें, पण मूळ मिति, पुष्पिका व मालकी यांसाठीं आपले रकाने जोडतां येतील व ते सर्व बाहेर काढतां येतील, अशीच प्रणाली पत्करावी.

चौथी कसोटी देवाणघेवाणीची. एका संस्थेची सूची दुसऱ्या संस्थेस आपोआप घेतां यावी, ह्यासाठीं ओएआय्-पीएमएच् हा करार आहे. त्याची दुसरी आवृत्ति २००२ पासून चालू आहे. तो चांगला आहे. पण त्यांत किमान अट साध्या डब्लिन कोअरची आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं किमान अटीवरच काम भागविलें जातें. मग घरांत जपलेले बारीक तपशील उंबरठ्याशींच गळून पडतात, आणि बाहेर पंधरा रकान्यांची सुकी यादी जाते. दुसरें मानक सीएम्आय्एस् ह्या नांवाचें. निरनिराळ्या कंपन्यांच्या दप्तर-प्रणालींनीं एकमेकींशीं एकाच भाषेंत बोलावें म्हणून तें २०१० सालीं ठरलें, २०१३ सालीं सुधारलें. कल्पना उत्तम. परंतु त्यांतहि ठराविक क्रियांची बोली ठरली, सर्व मर्म ठरलें नाहीं. कागद व त्यांचे कप्पे त्या वाटेनें नेतां येतात. प्रत्येक प्रणालीनें स्वतःपुरती उभारलेली कामकाजाची घडी, म्हणजे कोणीं तपासावें व कोणीं मान्य करावें हा क्रम, त्या वाटेनें येत नाहीं. शिवाय २०१३ नंतर त्या मानकाची पुढची आवृत्ति मंजूर झालेली नाहीं. मानकहि म्हातारें होतें. तें कागदावर आहे एवढें पुरत नाहीं. तें वापरणारे चार लोक आज आहेत कीं नाहींत हेंहि पाहावें.

येथें एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. खुलें मानक व खुली प्रणाली ह्या दोन गोष्टी पुष्कळांच्या मनांत एक झालेल्या आहेत. डीस्पेस ही प्रणाली मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी विद्यापीठ व ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केली. तिची संहिता कोणासहि पाहतां व वापरतां येते. आपल्या देशांतील प्रबंधांचें ‘शोधगंगा’ हें भांडार तिच्यावरच उभें आहे. म्हणून ती घेतली कीं काम झालें, असें नव्हे. २०२१ सालीं तिची सातवी आवृत्ति निघाली, ती आंतून बरीच बदललेली होती. जुन्या आवृत्तींत आपल्या सोयीचे फेरफार केलेल्या संस्थांस नवीवर जाणें हें एक स्वतंत्र कामच होऊन बसतें. फुकट मिळालेल्या घोड्यासहि दाणावैरण लागते. उलट, पैसे घेऊन विकलेली एखादी प्रणालीहि आपला सर्व माल खुल्या साच्यांत बिनतक्रार परत देऊं शकते. संहिता खुली असणें हा मोठा आधार आहे, कारण कर्ता निघून गेला तरी दुसऱ्या जाणत्यास काम पुढें चालवितां येतें. परंतु परीक्षा शेवटीं मालाच्या परतीचीच.

आतां संग्राहकांच्या आक्षेपाकडे येतों. आमच्या वाचकांत पिढीजात संग्रह सांभाळणारे पुष्कळ आहेत, आणि ‘खुलें’ हा शब्द ऐकतांच त्यांच्या कपाळास आंठ्या पडतात. पोथी दाखविली आणि परत आली नाहीं, उतरून घेतली आणि मालकाचें नांवहि छापलें नाहीं, असे अनुभव त्यांनीं घेतलेले आहेत. ती शंका अनाठायीं आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. पण खुल्या मानकाचा अर्थ दार उघडें टाकणें असा होत नाहीं. दार लावावें, कुलूप घालावें, कोणास आंत घ्यावयाचें तें मालकानें ठरवावें. खुलें मानक एवढेंच सांगतें कीं किल्ली मालकाजवळ असावी. बंद साच्यांत ती लोहाराजवळ राहते. जो मालक आपल्या संग्रहाविषयीं सर्वांत दक्ष, त्यानेंच खुल्या मानकांचा आग्रह सर्वांत अधिक धरला पाहिजे.

ह्या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय देणारीं दोन उदाहरणें आहेत. इंग्लंडचें ‘डूम्सडे’ नांवाचें जमीनपाहणीचें पुस्तक १०८६ सालचें. त्याच्या नवशतकानिमित्त बीबीसीनें १९८६ सालीं नव्या डूम्सडेचा संकल्प सोडला. दहा लाखांहून अधिक लोकांनीं मजकूर व चित्रें जमविण्यास हातभार लाविला, आणि तें सर्व खास प्रकारच्या लेसर तबकड्यांवर भरलें. पंधरासोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं, २००२ च्या सुमारास लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील मंडळींस जुन्या यंत्राची संगणकावर नक्कल उभी करून मजकुराचा उद्धार करावा लागला. नऊशें वर्षांपूर्वींचें चर्मपत्र मात्र वाचणारासाठीं पहिल्यासारखेंच उघडें होतें.

दुसरें उदाहरण पुण्याचें. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिची संहिता जपानांतील मुनेओ तोकुनागा व त्यांचे सहकारी यांनीं संगणकावर उतरविली, तीहि साध्या रोमन अक्षरांत, कोणत्याहि खास टंकाच्या आहारीं न जातां. केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं ती तपासून सुधारली, आणि १९९९ सालीं ती भांडारकर संस्थेच्या हक्कानिशीं प्रसिद्ध झाली. साधा मजकूर असल्यामुळें ती एका संकेतांतून दुसऱ्यांत, रोमनमधून देवनागरींत, नेतां आली. तोकुनागांचें यंत्र कोणतें होतें हें आज कोणी विचारीत नाहीं, तरी त्यांचे श्रम कामास येत आहेत. हक्क संस्थेचा राहिला, आणि मजकूर कोणाच्याहि यंत्रावर चालला. ह्या दोन गोष्टी एकत्र नांदूं शकतात, ह्याहून निराळा पुरावा नको.

मग निवड कशी करावी? आमची पद्धति साधी आहे. प्रणाली पत्करण्यापूर्वीं आपल्या संग्रहांतील शंभर वस्तु निवडाव्या, आणि त्या मुद्दाम अवघड असाव्या : मिति फाटलेलें पत्र, तिघांच्या हातची पोथी, मोडी-फारसी दुभाषी कागद, दोन घराण्यांकडून आलेला एकच रुमाल. त्या प्रणालींत घालाव्या. नंतर विक्रेत्याची मदत न घेतां त्या सर्व बाहेर काढाव्या, आणि ज्या संगणकावर ती प्रणाली नाहीं अशा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्या. छायाप्रत आणि तिची नोंद एकमेकींस धरून आलीं काय? आडवा रकार टिकला काय? मूळ मिति व अनुमान वेगळे राहिले काय? कोणीं केव्हां दुरुस्ती केली त्याची याद आली काय? चार दिवसांचें हें काम आहे. आमचे दोन उन्हाळे त्यानें वांचले असते.

बाहेर आलेला माल तोच आहे, ह्याची खातरी करण्याचीहि सोय आहे. प्रत्येक फाइलीच्या सर्व अक्षरांवरून गणित करून एक लांबलचक आंकडा काढतात. फाइलींत एक बिंदूहि बदलला तर आंकडा बदलतो. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटीं मोर्तब असे, ‘लेखनसीमा’ ह्या अक्षरांचा शिक्का उठविलेला असे. त्याखालीं कोणीं एक ओळ वाढविली तर ती बनावट हें तत्काळ कळे. हा आंकडा म्हणजे फाइलीची लेखनसीमा, आणि तो मजकुराच्या आंतील फेरफारहि पकडतो. फाइली, त्यांच्या नोंदी व हे आंकडे एका गांठोड्यांत बांधून देण्याची बॅगइट नांवाची रीत अमेरिकेंतील काँग्रेस ग्रंथालय व कॅलिफोर्नियाचें अंकीय ग्रंथालय यांच्या कामांतून निघाली व २०१८ सालीं तिचे नियम इंटरनेटच्या अधिकृत टिपणांत प्रसिद्ध झाले. त्या गांठोड्यांत साध्या कप्प्यांवांचून व साध्या मजकुराच्या याद्यांवांचून कांहीं नसतें. जी प्रणाली असें गांठोडें मागतांक्षणीं देते, ती आमच्या मतें निम्मी परीक्षा उतरली.

उरलेली निम्मी परीक्षा प्रणालीची नसून आपली आहे. कागद दुर्लक्ष सोसतो. कोनाड्यांत पडलेला रुमाल वाळवी व ओल यांतून वांचला तर दोनशें वर्षांनींहि बोलतो. संगणकावरील दप्तर दुर्लक्ष सोसत नाहीं. तें दर पांचदहा वर्षांनीं उचलून नव्या जागीं ठेवावें लागतें, आणि तें उचलणारा माणूस संस्थेंत असावा लागतो. खुलीं मानकें हें काम करीत नाहींत. तें करूं इच्छिणाराचे हात तीं बांधीत नाहींत, एवढेंच त्यांचें श्रेय. आणि तें थोडें नाहीं.

वर मांडलेल्या कसोट्यांत उणेपणा असेल, तो जाणकारांनीं अवश्य दाखवावा. परंतु करारावर सही करण्यापूर्वीं शंभर वस्तु बाहेर काढून पाहाव्या, ह्या एका सूचनेचा तरी संस्थांच्या चालकांनीं व संग्राहकांनीं अव्हेर करूं नये, अशी आमची विनंति आहे. आमच्या सूचींतून गेलेलीं तीं लेखकांचीं नांवें आतां कोणत्याहि प्रणालींतून परत यावयाचीं नाहींत. पोथ्या आहेत, हस्ताक्षरें आहेत. तीं ओळखणारा तेवढा नाहीं.